काल दिवसभरात काय काय केलंस?



स्मृतिव्याख्यानात सुरुवातीची दहा मिनिटं ज्यांची स्मृती त्यांच्यासाठी ठेवायची, असा रिवाज आहे. पण हे व्याख्यान ज्या सरांच्या स्मृतीचं, त्यांच्या घरच्यांनीच मला बजावलं, ‘त्यांच्याबद्दल नका बोलू, त्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल बोला.’ तेव्हा थेट विषयाला येतो. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा ताण आणि त्याची नशेची सवय, या दोन्हींचा अंदाज घ्यायचा कसा? कुणी घ्यायचा? आणि घेऊन पुढे काय करायचं?

मोजमापाचं या जयपूर शहराला वावडं नाही. सवाई जयसिंगांनी इथं सत्तावीस मीटर उंचीचं सम्राट यंत्र बांधलं. सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ सांगतं ते. त्यांच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट हे मूळचे आपल्याकडचेच, महाराष्ट्रातले. युक्लिडची भूमिती त्यांनी संस्कृतात आणली. (मराठी माणूस कुठंही गेला की आपला माणूस आधी शोधतो. मीही शोधला.) पण जगन्नाथपंतांची एक सोय होती. ग्रह खोटं बोलत नाहीत. एकोणीस वर्षांचा मुलगा बोलतो, आणि बहुतेक वेळा त्याला तसं बोलायला आपणच लावतो.

माझं आजचं म्हणणं खरं तर एवढंच आहे. ज्याच्या हातात शिक्षा आहे, त्याला खरं उत्तर मिळत नाही. वॉर्डन विचारतो, ‘पितोस का?’ प्राचार्य विचारतात, ‘काही घेतोस का?’ बाप फोनवर विचारतो, ‘वाईट संगतीत नाहीस ना?’ तिघांनाही उत्तर एकच, ‘नाही.’ आणि तिघंही ते उत्तर खरं मानून निर्धास्त झोपतात.

विचारायचं कसं, ते उदाहरणानं सांगतो. उदाहरणातला मुलगा एक नाही, बऱ्याच मुलांचा मिळून झालेला आहे. त्याला आपण निखिल म्हणू. अमळनेरकडचा, बापाची कोरडवाहू शेती, सीतापुऱ्याच्या बाजूला एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, राहायला पीजीत. खोलीत गांजाचा वास आला म्हणून माझ्याकडे पाठवलेला. खुर्चीच्या अगदी कडेला बसलेला आणि नजर दाराकडे.

त्याला मी गांजाचं विचारत नाही. विचारतो, ‘काल दिवसभरात काय काय केलंस? उठलास तिथपासून सांग.’

‘अकराला उठलो, सर.’

‘मग?’

‘थडीवर गेलो. चहा.’ (थडी म्हणजे इथली चहाची टपरी.)

‘नुसता चहा?’

आता तो पहिल्यांदा हसतो. ‘चहा-सुट्टा.’

‘उठल्यापासून किती वेळानं?’

‘पाच-दहा मिनिटं असतील.’

एवढ्या गप्पांत तंबाखूच्या व्यसनाचा सगळ्यात कामाचा प्रश्न विचारून झालासुद्धा. निकोटीनचं अवलंबन मोजणारी फागरस्ट्रॉम नावाची सहा प्रश्नांची चाचणी आहे. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात, हा तिच्यातला पहिला प्रश्न. दिवसाला किती, हे त्यानंतर येतं. दिवसाला आठ ओढणारे दोघं असले, तरी एकाची पहिली जेवणानंतर आणि दुसऱ्याची तोंड धुवायच्या आधी, तर ते एका नावेतले प्रवासी नव्हेत.

तर निखिलचा काल पुढे सरकतो. पहिली दोन लेक्चरं बुडाली. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेली. मेसचं जेवण तीन वाजता. संध्याकाळी ‘लायब्ररी’त, म्हणजे महिन्याचे पैसे भरून खुर्ची-टेबल मिळतं त्या अभ्यासिकेत. गोपालपुरा, लालकोठीकडे अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, तुम्ही पाहताच. तिथं एनर्जी ड्रिंकचा एक कॅन. नऊ वाजता आईचा फोन. ‘सगळं ठीक आहे.’ फोन ठेवल्यावर लगेच सिगारेट. रात्री दोनला, झोप येत नाही म्हणून, गच्चीवर जॉइंट.

‘रोज लागतो?’

‘रोज नाही, सर. झोप येत नसेल तेव्हाच.’

‘आणि झोप कधी येत नाही?’

‘ती रोजच येत नाही.’

बघा, इथं ताण आणि नशा असे दोन वेगळे विषय उरतच नाहीत. गांजा कुठं बसलाय, तर झोपेच्या जागी. सिगारेट कुठं, तर आईच्या फोनच्या पलीकडच्या टोकाला. एनर्जी ड्रिंक बसलंय बुडालेल्या लेक्चरांच्या जागी, आणि रात्री पुन्हा झोप उडवायलाही तेच. कोणता पदार्थ किती, हे प्रयोगशाळा सांगेल. तो दिवसाच्या कोणत्या फटीत बसवलाय, हे फक्त मुलगा सांगू शकतो.

मग आईच्या फोनपाशी थांबतो. ‘फोन झाला की सिगारेट का रे?’ बराच वेळ गप्प. मग कळतं, दोन विषय राहिलेत आणि घरी सांगितलंय की सगळं सुटलं. बापानं शैक्षणिक कर्ज काढलेलं. त्याला विचारलं तर तो ताणाचं नाव ‘अभ्यास’ असंच सांगेल. अभ्यासाचा ताण त्याला होताच, पण त्याला पोखरत होतं ते घरी बोललेलं खोटं. दररोज रात्री नऊला ते खोटं त्याला नव्यानं बोलावं लागत होतं.

कागद मी आता काढतो, आधी नाही. चाचण्यांना मी नावं ठेवत नाही, त्या लागतातच. शेल्डन कोहेन यांनी १९८३ मध्ये मांडलेली जाणवलेल्या ताणाची प्रश्नावली आहे, तिची दहा प्रश्नांची आवृत्ती सगळीकडे चालते. गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं किती वेळा वाटलं, अशा धर्तीचे प्रश्न. पण कशामुळे वाटलं, हे ती विचारत नाही. तिनं आजार ठरत नाही, आणि हे ती रचणाऱ्यांनीच सांगितलेलं आहे. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची चाचणी, दहा प्रश्न, चाळीसपैकी गुण, आठपासून पुढे धोक्याची घंटा. आणि तंबाखूपासून अफूपर्यंत सगळे पदार्थ एका बैठकीत तपासणारी ‘असिस्ट’, तीही त्याच संघटनेची.

कागद परदेशात तयार झाले, उत्तरं मात्र जयपुरातली. गोम इथंच आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

‘ऑडिट’ विचारते, एका वेळी किती ड्रिंक घेतोस? मुलगा म्हणतो, ‘एक बिअर, सर.’ लिहिणारा लिहितो, एक. आता हिशेब करा. त्या चाचणीत एक ड्रिंक म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची एक बिअर म्हणजे ६५० मिलीची बाटली. ती आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल, तर तिच्यात चाळीस ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं. म्हणजे ‘एक बिअर’ म्हणणाऱ्यानं चार घेतल्या. व्हिस्कीची क्वार्टर, इथं पव्वा म्हणतात, १८० मिलीची. तिच्यात जवळपास सहा ड्रिंक. दोघा मित्रांनी मिळून पव्वा संपवला आणि ‘थोडीशी घेतली’ म्हणाले, तर ती थोडीशी प्रत्येकी तीन झाली. म्हणून प्रश्न ‘किती ड्रिंक’ असा करायचाच नाही. बाटली कोणती, केवढी, किती जणांत, असं विचारायचं.

दुसरं भांगेचं. ‘गांजा घेतोस?’ ‘छे!’ ‘आणि भांग?’ ‘भांग तर होळीला असतेच की.’ राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गांजाच्या व्याख्येत फुलोरा धरला आणि पानं वगळली, त्यामुळे भांग त्या कायद्यातून सुटली. मुलाच्या मनातूनही ती तशीच सुटते. कायद्याला मान्य ते त्याच्या हिशेबी नशाच नव्हे! झाड तेच, अंमल चढवणारं द्रव्य तेच. तीच गत आपल्याकडच्या खर्ऱ्याची, माव्याची आणि केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या झोपेच्या गोळीची. खर्रा खाणारा विदर्भातला मुलगा ‘तंबाखू नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे लिहून जातो. पदार्थाचं नाव घेऊन, एकेक करून विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि मुली? त्यांना तर कुणी विचारतच नाही. मुलीला विचारणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं, असा आपला समज. त्यामुळे मुलींचा ताण ‘स्वभाव’ म्हणून मोजला जातो आणि त्यांची सिगारेट ‘चारित्र्य’ म्हणून. दोन्हींवर इलाज मात्र होत नाही.

आता एका गैरसमजाकडे वळतो. मुलं म्हणतात, सिगारेटनं ताण उतरतो. उतरतो का? शेवटच्या सिगारेटला तास-दोन तास झाले की रक्तातलं निकोटीन घटतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. मग एक ओढली की हायसं वाटतं. म्हणजे जो ताण उतरला, त्यातला मोठा हिस्सा मागच्या सिगारेटनंच चढवलेला होता! दारूनं झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्री तीच झोप मोडते. गांजा रोज घेणाऱ्यानं एकदम सोडला, तर पहिला आठवडा-दोन आठवडे झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात. हे त्याला आधी सांगितलं नाही, तर तो चौथ्या रात्री परत सुरू करतो आणि म्हणतो, ‘बघा, मला त्याशिवाय जमतच नाही.’ म्हणून आधी काय आलं, ताण की नशा, हे विचारावं लागतं. झोप पहिल्यापासून येत नव्हती की गांजा सुरू झाल्यावर गेली? निखिलची बारावीपर्यंत नीट होती. ती गेली पहिला विषय राहिला त्या महिन्यात.

आणखी एक प्रश्न आहे, जो विचारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. ‘जगू नये असं वाटतं का? तसे विचार येतात का?’ विचारल्यानं ते मनात येतात, ही भीती निराधार आहे. उलट विचारलं की मुलगा सुटकेचा श्वास टाकतो, हे मी अनेकदा पाहिलंय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. कोचिंगच्या कोटा शहराकडे बोट दाखवणं सोपं आहे हो. तो प्रश्न प्रत्येक मुलाला, अगदी हसऱ्या मुलालाही, साध्या आवाजात विचारायला हवा. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

या शहराचाही ताण आहे, तो मुलाच्या खात्यावर टाकू नका. इथं हजारो मुलं सरकारी भरतीची तयारी करतात. २०२१ ची रीट, म्हणजे शिक्षक-पात्रतेची परीक्षा आठवते? पेपर फुटला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. दोन-दोन वर्षं घासून दिलेला पेपर रद्द होतो, त्या मुलाला आपण प्राणायाम शिकवायचा? शिकवा जरूर. पण त्याच्या कागदावर ‘ताण सहन करण्याची क्षमता कमी’ असं लिहू नका. पेपर फोडणाऱ्याचा दोष त्याच्या मनाच्या माथी मारणं हा कसला न्याय?

आता संस्था काय करतात ते पाहू. २६ जूनला, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनी, रॅली निघते. फलक, घोषणा, सामुदायिक शपथ, फोटो. शपथ घेणाऱ्यांतले काही जण फोटो झाल्यावर थडीवर जातात. कायद्यानं शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. तुम्ही आपल्या जवळच्या कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडा आणि सुटी सिगारेट कुठं मिळते ते पावलं मोजून बघा.

काही जण म्हणतात, सरसकट लघवीच तपासा, दूध का दूध होईल. होतं का? नियमित घेणाऱ्याच्या लघवीत गांजा कित्येक आठवडे सापडतो. दारू साध्या तपासणीत दिवसभरात नाहीशी होते. म्हणजे गच्चीवर झोपेसाठी झुरका मारणारा सापडतो आणि शनिवारी बेशुद्ध होईपर्यंत पिणारा सोमवारी स्वच्छ ठरतो. मेफेड्रोनसारखं, मुलं ज्याला एमडी म्हणतात ते, नेहमीच्या पट्टीवर बरेचदा दिसतसुद्धा नाही. मुलं हे आपल्याआधी शिकतात आणि सापडणाऱ्या पदार्थावरून न सापडणाऱ्यावर जातात. रोगापेक्षा औषध भयंकर, ते असं.

कायदा यापेक्षा शहाणा आहे, ही गंमत. त्याच १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे. व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला आला, तर सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकला तर हे संरक्षण जाऊ शकतं, पण दार उघडं आहे. किती वसतिगृहांच्या सूचनाफलकावर हे कलम लावलंय? बाकी ‘सापडल्यास काढून टाकण्यात येईल’ हे वाक्य सगळीकडे ठळक अक्षरांत असतं.

मग करायचं काय? निखिलसारख्या बहुसंख्य मुलांना कुठंही भरती करावं लागत नाही. त्यांचे गुण मधल्या पट्ट्यात येतात. त्यांना लागतं ते थोडक्यातलं, आठवड्या-दोन आठवड्यांनी परत भेटणारं संभाषण. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं याची रीतसर चाचणी घेतली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ‘ऑडिट’वर १२ ते १९ गुण आलेल्या पुरुषांशी समुपदेशन केलं. करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली गावातलीच साधी माणसं होती. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत सुमारे ३६ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. फरक दहा टक्क्यांचा, पण तो बोलण्यानं पडला.

ज्यांची गाडी पुढे गेलीय त्यांच्यासाठी केंद्र लागतं. पुण्याचं मुक्तांगण आठवा. १९८६ मध्ये ‘गर्द’ या अमली पदार्थानं शहराला विळखा घातला, तेव्हा अनिल अवचटांनी त्या मुलांवर लिहिलं, पु. ल. देशपांडे मदतीला उभे राहिले आणि डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. तिथं येणाऱ्याला ‘गर्दुल्ला’ न म्हणता मित्र म्हणायची पद्धत त्यांनी पाडली. उपचाराचा अर्धा भाग त्यातच होता असं माझं मत आहे. पण केंद्रापर्यंत पोहोचतात किती? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस कुठं होते? कामावर, घरी, वसतिगृहात. आपल्या शेजारीच.

म्हणून कॉलेजात विचारणारा माणूस हवा, आणि तो शिस्त समितीवर नको. सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. नेमणूक होईलही. पण खोली कुठं देणार? प्राचार्यांच्या केबिनला लागून दिली, तर तिथं कुणी पाऊल ठेवणार नाही. समुपदेशकाची वही कुणाला दिसणार? वॉर्डनला दिसणार असेल, तर त्या वहीत ‘नाही, नाही, नाही’ एवढंच असेल. जिवाला धोका असेल तेव्हा गुप्तता मोडावी लागते, आणि तसं मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. बाकी जे बोललं जाईल ते त्या खोलीतच राहील, एवढी लेखी हमी संस्थेनं द्यावी. माझी संस्थाचालकांकडे पहिली मागणी ही आहे. पैसे फारसे लागत नाहीत, अधिकार थोडा सोडावा लागतो. अडचण तीच आहे.

निखिलचं काय झालं, असं कुणीतरी नंतर विचारेलच. त्यानं आधी गांजा सोडला नाही. आधी त्यानं माझ्यासमोर बसून बापाला फोन केला आणि राहिलेल्या दोन विषयांचं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग बाप म्हणाला, ‘मग आता परीक्षा कधी आहे पुन्हा?’ एवढंच. त्या आठवड्यात झोप सुधारली. गांजा कमी व्हायला आणखी तीन महिने गेले आणि सिगारेट अजून आहे. हे यश म्हणायचं का? मी म्हणतो.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुम्ही जयपुरात स्थिरावलेली मराठी घरं आहात. दरवर्षी जळगाव, अकोला, लातूरकडची मुलं इथं शिकायला येतात. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांच्याजवळ तुमचा नंबर असतो. गणपतीला, दिवाळीला त्यांना जेवायला बोलावता, फार चांगलं करता. मधल्या काळातही एखाद्या रविवारी बोलवा. पोळीभाजी वाढताना ‘अभ्यास कसा चाललाय’ असं विचारू नका, त्याला उत्तर ठरलेलं असतं. ‘झोप होते का रे? जेवतोस किती वाजता?’ असं विचारा आणि जे ऐकाल ते त्याच्या आईला लगोलग कळवू नका. काळजी वाटण्यासारखं काही ऐकलंत, तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास सुरू असते, पैसे पडत नाहीत, आणि ज्या वीस भाषांत ती चालते त्यात मराठी आहे. व्यसनासाठी वेगळा क्रमांक १४४४६. दोन्ही आत्ताच, इथं बसल्याबसल्या, फोनमध्ये नोंदवून ठेवा.